टोकन नंबर चारशे अठरा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे तामोरेकाका रोज सकाळी सात वाजता मोबाइलसमोर बसून जगाची हजेरी घेतात.

जगाची म्हणजे खरोखरच जगाची. "टोकन नंबर एक?" असं विचारून ते चष्म्यावरून पडद्याकडे बघतात आणि खालून एक ओळ वर सरकत येते, "हजर". हा एक नंबर म्हणजे घिवलीचा एक गडी, मालवाहू जहाजावर कामाला आहे. त्या घडीला तो कुठल्या समुद्रात आहे हे त्याच्या आईलाही ठाऊक नसतं, पण तो हजर आहे हे काकांच्या मस्टरमध्ये निळ्या शाईने लिहिलेलं असतं. टोकन नंबर बारा पालघरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एकोणीस नंबर बोईसरच्या एका कारखान्यातली तिसरी पाळी संपवून नुकताच खोलीवर आलेला असतो. त्याचं "हाजिर काका" आलं की काका विचारतात, "नाश्ता किया क्या? पैले नाश्ता, मग झोप." असे एकूण त्रेसष्ट जण आहेत.

टोकन नंबर तीन मी. माझं घर काकांच्या बरोब्बर डोक्यावर आहे. त्यांचा आवाज मला मोबाइलमधून ऐकू येतो आणि फरशीतूनही ऐकू येतो, तरीही आठवड्यातून चार दिवस मी लेट असतो. मग काका जहाजावरच्या माणसापासून पालघरच्या नर्सपर्यंत सगळ्यांसमोर जाहीर करतात, "टोकन नंबर तीन, सुधीर. सात वाजून दोन मिनिटं. लेट मार्क." लेट मार्कला दंड एक गुलाब. म्हणजे त्या अ‍ॅपवर पाठवतात तो, चित्रातला. पैसे मात्र माझ्या खात्यातून खरे जातात.

तर हा असा प्रकार आहे. मोबाइलच्या या अ‍ॅपवर लोक लाइव्ह येऊन नाचतात, गातात, काहीजण नुसतं जेवतात आणि लोक त्यांना पैसे देतात. आमचे काका हजेरी घेतात.

तामोरेकाका मूळचे घिवलीचे. बापाची होडी होती. "आमच्या बापाच्या हातात कवा घड्याळ नव्हतं," ते सांगतात, "पण ओहोटी कवा लागते ते त्याला झोपेत कळायचं. दर्या कोणासाठी थांबत नाय. थांबला तर तो दर्या कसला." होडी थोरल्या भावाकडे गेली आणि काका बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर म्हणून लागले. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा राखल्या. त्यांची दोन वाक्यं सगळ्या कारखान्याला पाठ होती. पहिलं, "सात वाजून एक मिनिट म्हंजे सात नाय." दुसरं, "घड्याळाला मेव्हणा नसतो."

हे दुसरं वाक्य नुसतं बोलण्यापुरतं नाही. कुंदाकाकींचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, सख्खा भाऊ त्याच कारखान्यात होता. त्याला एकदा चार मिनिटं उशीर झाला आणि काकांनी त्याला गेटवरून परत पाठवला. त्याच्या डब्यात त्या दिवशी कुंदाकाकींनीच केलेलं कोळंबीचं कालवण होतं. त्यानंतर काकी दोन महिने नवऱ्याशी फक्त वेळेपुरतं बोलत होत्या. "किती वाजले?" एवढंच विचारायच्या.

काकांच्या लेखी जगात उशिरापेक्षा मोठं एकच पाप होतं, ते म्हणजे दुसऱ्याचं कार्ड पंच करणं, तो आलेला नसताना त्याची हजेरी लावणं. चोरी माणूस पोटासाठी करतो, पण दुसऱ्याचं कार्ड पंच करणारा देवालाही फसवील, असं त्यांचं मत होतं.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं ते विचारू नका. दूधवाल्याचे लेट मार्क कॅलेंडरवर पडू लागले. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजलं जाऊ लागलं. कुंदाकाकी वरच्या मजल्यावर माझ्या बायकोकडे पाच मिनिटं म्हणून यायच्या आणि सहाव्या मिनिटाला खालून पाइपवर किल्ली वाजायची. शेवटी एक दिवस त्या माझ्या दुकानात आल्या. माझं बोईसरला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. काकी म्हणाल्या, "सुधीर, यांना कुठं तरी चिकटव. नायतर मी घिवलीला जाऊन जावेबरोबर बोंबील सुकवत बसते."

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा अशा अ‍ॅपवरचा अर्ज मी भरला होता. म्हटलं, काकांना दाखवून बघू. मला वाटलं होतं, ते हाकलून देतील. काकांनी नियम मात्र दोनदा वाचायला लावले. रोज सलग दोन तास बसलात तर दिवस भरला. एक मिनिट कमी पडलं तर दिवस गेला. महिन्यात असे बावीस दिवस भरले तर ठरलेली रक्कम मिळणार. एकवीस भरले तर ती शून्य. लोकांनी पाठवलेल्या भेटींचा वाटा वेगळा, पण तोही बावीस भरल्यावरच हातात.

दुसरा कोणी असता तर हा जुलूम बघून पळाला असता. काकांचा चेहरा उजळला. "हा माणूस शिस्तीचा दिसतो," ते अ‍ॅपबद्दल म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "नि हे कुठं कुठं दिसतं?"

"सगळीकडे. जगात कुठेही."

"मासवणला?"

"मासवणलाही."

"मग कर चालू," काका म्हणाले. एवढ्या जगातून मासवण हेच गाव का, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा पॅनकार्डाचा फोटो काढत होतो.

भेटींचा हिशेब समजावताना मात्र माझा घाम निघाला. मी झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदामागे काढून दाखवलं. समजा, एकाने शंभर रुपयांची नाणी विकत घेतली. त्या नाण्यांतून त्याने तुम्हाला एक सिंह पाठवला. सिंह तुमच्याकडे पोचला की त्याचे हिरे होतात. त्यातले अर्धे हिरे अ‍ॅप ठेवून घेतं. उरलेल्यातला काही भाग एजन्सीचा, म्हणजे ज्यांच्यामार्फत तुम्ही लागलात त्यांचा. मग हिऱ्यांचे डॉलर होतात, डॉलरचे रुपये होतात, रुपयांतून कर जातो.

"म्हंजे तिकडनं सिंह निघतो नि इकडं मांजर पोचते," काका म्हणाले.

"मांजर कसली काका, मांजराची मिशी."

काकांनी कागद उलटून बघितला. "कारखान्यात ठेकेदार पण कापायचा. पण त्याला तोंड होतं. जाऊन शिवी तरी देता यायची."

या एजन्सीलाही एक तोंड होतं, पण ते फक्त फोनवर. कुठल्याशा शहरातून एक मॅडम दर सोमवारी फोन करायच्या. "अंकल, आप होस्ट हैं. थोड़ा एंटरटेन कीजिए. गाना-वाना." काका शांतपणे सांगायचे, "मॅडम, हजेरी में गाना नहीं होता." आयत्या बिळावरचा हा नागोबा काकांच्या गुलाबातली पाकळी न पाकळी मोजून घ्यायचा, वर गाणंही मागायचा. काकांनी त्या मॅडमलाही एक टोकन नंबर देऊन टाकला. त्या कधीच हजर नसतात.

एकदा मॅडमनी काकांची कुस्तीच लावून दिली. या अ‍ॅपवर दोन होस्ट समोरासमोर येतात, पाच मिनिटांत ज्याला जास्त भेटी मिळतील तो जिंकतो. काकांसमोर आला इंदूरचा एक तरणाबांड गडी, केस पिवळे, उघड्या अंगावर जाकीट. तो नाचायला लागला. काका मस्टर उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, "नाम? टोकन नंबर? घर से कितने बजे निकला?" गडी बावचळला. "चाय पिया?" नाही म्हणाला. "माँ को मालूम है, ऐसा बैठता तू?" त्या गड्याने जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली आणि ताठ बसला. घिवली, बोईसर, पालघर आणि जहाज अशा चहूबाजूंनी गुलाबांचा मारा झाला आणि काका जिंकले. तो गडी आता टोकन नंबर एकसष्ट आहे. रोज वेळेवर असतो.

एवढं सगळं होऊन पैसा मात्र येईना. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कर्म म्हणजे मी होतो. पहिल्या महिन्यात बावीसच्या जागी तेवीस दिवस भरले, पण मी अर्जात काकांचं नाव आधी लिहिलं होतं आणि बँकेत आडनाव आधी होतं. रक्कम तिथल्या तिथे अडकली आणि पुढे बुडाली. दुसऱ्या महिन्यात काका पुतण्याच्या हळदीला घिवलीला गेले. तिथे गच्चीवर बसून त्यांनी हजेरी घेतली, पण रेंज गेली आणि दिवस भरले एकवीस.

"एवढ्या वेळात आमची जाऊ टोपलीभर बोंबील सुकवून, इकून मोकळी झाली असती," कुंदाकाकी म्हणायच्या. "एक वाटी साखर तरी आली का घरात तुमच्या हिऱ्यांची?"

काकांना पैशांची फारशी गरज नव्हती. पेन्शन तुटपुंजी, पण मुलगी सासरी सुखात, घर स्वतःचं. तरी त्या पहिल्या पगाराची त्यांना ओढ लागली होती. एकदा दुकानात बसून ते मला म्हणाले, "सुधीर, महिन्याच्या शेवटी कोणी तरी माणसाला सांगायला पायजे, की बाबा, तू एवढे दिवस आला होता. नायतर आला काय नि नाय आला काय." हे ऐकून मला उगीचच अपराधी वाटलं आणि मी त्यांना त्यांच्या मस्टरच्या दोन प्रती फुकट काढून दिल्या.

आता त्या चारशे अठराबद्दल.

हजेरी त्रेसष्टपर्यंत सरळ जायची. त्रेसष्ट झाला की काका पान उलटायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "टोकन नंबर चारशे अठरा?" मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थांबायचे. बरोब्बर दहा सेकंद. उत्तर यायचं नाही. काका म्हणायचे, "रजेवर," आणि तसं लिहायचे.

मधले साडेतीनशे टोकन कुठे गेले, हे कोणाला कळलं नाही. लोकांना वाटायचं, काकांचा विनोद आहे. मलाही तसंच वाटायचं. एकदोघांनी मुद्दाम "४१८ हजर" असं लिहून बघितलं. काका हसायचे नाहीत. विचारायचे, "गेटवर काय बोलला होतास?" याचं उत्तर कोणालाच येत नसे. "मग बस खाली," असं म्हणून काका पुढे जायचे.

नऊला सुटायचं, म्हणून साडेआठनंतर काका सुटण्याची हजेरी घ्यायचे. आल्याची नोंद तशी गेल्याचीही. मधल्या वेळात ते भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचे, कोणाची तब्येत, कोणाची बदली विचारायचे. सुटण्याच्या हजेरीतही चारशे अठरा रजेवरच असायचा.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. एकवीस दिवस भरले होते, बाकीचे वीज आणि रेंज यांनी खाल्ले होते. बाविसावा आज. नाव मी चार वेळा तपासलं होतं. कुंदाकाकी तोंडाने कितीही टाकून बोलल्या तरी त्यांनी सकाळीच रवा भाजायला घेतला होता आणि त्याचा वास आमच्या घरापर्यंत आला होता. म्हणून साडेआठला मी खाली काकांच्या घरी जाऊन बसलो. शिरा नऊ वाजता, दोन तास भरल्यावरच वाढला जाणार होता.

काकांचा कॅमेऱ्यासमोरचा पोशाख ठरलेला होता. वर कारखान्याचा जुना निळा शर्ट, खिशाला पेन. खाली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, कारण खालचं कोणाला दिसत नाही.

सुटण्याची हजेरी संपत आली. "टोकन नंबर चारशे अठरा?" काकांनी विचारलं आणि घड्याळाकडे बघायला लागले. दहा सेकंद झाली. ते "रजेवर" म्हणणार, एवढ्यात पडद्यावर बारा नंबरची ओळ आली. पालघरच्या नर्सची.

"काका, आमच्या वॉर्डात एक मुलगी नवीन लागली आहे. वरठा आडनाव. ती आत्ता माझ्या शेजारी उभी राहून तुमचं ऐकत होती. ती म्हणते, चारशे अठरा माझ्या बाबांचा कारखान्यातला नंबर होता. मासवणच्या पुढे पाड्यावर घर आहे."

 काका हळूच म्हणाले, "तिला बोल, बापाला फोन लावून इचार. गेटवर काय बोलला होता?"

 दहा सेकंद गेली, वीस गेली, मिनिट गेलं. काकांनी वेळ मोजली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ओळ आली.

"आलो तं हाय ना, सायेब."

काकांनी चष्मा काढला. डोळे पुसले की चष्मा, ते नीट दिसलं नाही. "कुठं हाय तो?" त्यांनी विचारलं.

"बोईसरलाच आहेत. भाजी विकायला येतात रोज. विकून झाली, आता मासवणच्या जीपमध्ये बसलेत. जीप भरली की निघतील."

काका उभे राहिले. त्या क्षणी जहाजापासून इंदूरपर्यंत सगळ्यांना चट्टेपट्टे दिसले.

"काका, अकरा मिनिटं," मी म्हणालो. "अकरा मिनिटं राहिली फक्त. आजचा दिवस गेला तर महिना गेला."

"अवो, लेंगा तरी घाला," कुंदाकाकी आतून झारा घेऊनच बाहेर आल्या.

काकांनी आमच्या दोघांकडेही बघितलं नाही. पायात चपला अडकवल्या आणि गेले. एकतीस वर्षं आणि तीन महिन्यांत तामोरेकाका ड्यूटी सोडून पहिल्यांदाच लवकर निघाले होते.

खुर्ची रिकामी, मोबाइल चालू. समोर कोणी नसलं की हे अ‍ॅप बंद पडतं, एवढं मला ठाऊक होतं. मी काय विचार केला, देव जाणे. काकांचा चष्मा टेबलावर होता तो नाकावर चढवला, मस्टर पुढे ओढलं आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. ज्या पापाला क्षमा नाही ते पाप मी त्रेसष्ट जणांच्या साक्षीने करत होतो.

"कोण हा चारशे अठरा?" मी काकींना हळूच विचारलं.

काकींनी कुजबुजत सांगितलं. पण काकींचं कुजबुजणं म्हणजे घिवलीच्या किनाऱ्यावरून होडीला मारलेली हाक. सगळं जसंच्या तसं जगभर गेलं.

"लखमा वरठा त्याचं नाव. ठेकेदाराकडनं लागला होता. पाड्यावरनं चालत मासवणला यायचा नि तिथनं जीपनं बोईसरला. कामाला चांगला, पण मध्ये मध्ये लेट. सात वाजून तीन मिनिटं. यांनी एक लेट मार्क दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला गेटवरनं परत. तो भांडला नाय का काय नाय. आलो तं हाय ना सायेब, एवढं बोलला नि गेला. ठेकेदारानं नाव कापलं. हे घरी येऊन जेवले, झोपले. यांना काय त्याचं."

काकींनी पदराने झारा पुसला.

"मग रिटायर झाल्यावर आमी मासवणला एका लग्नाला निघालो. जीपमध्ये बसलो तर डायवर सोडीना. का, तर दोन शिटा कमी. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी बडबडते, नि हे एकदम गप. मग बोलले, कुंदे, ही जीप भरल्याबिगर सुटत नाय. मी बोलले, नायच सुटत, सगळ्या जगाला म्हाईत हाय. हे बोलले, मला म्हाईत नव्हतं. लग्नात जेवले पण नाय. त्याचं घर शोधलं. कोणी सांगितलं वीटभट्टीवर गेला, कोणी सांगितलं सासुरवाडीला गेला. मग तू बोलला, हे मोबाइलवर जगात कुठं पण दिसतं. म्हणून बसले रे हे. नायतर यांना काय गुलाबाची हौस?"

मी काकांना कामाला चिकटवलं होतं, असं तीन महिने सगळ्यांना सांगत फिरत होतो. ते आठवून मला आता खुर्चीत बसवेना.

 पडद्यावर एकोणीस नंबरने लिहिलं, "काकी, जीप मिली क्या?" तेवढ्यात मध्येच लाल चौकोन आला. होस्टचा चेहरा जुळत नाही. मी चष्मा नाकावर खाली सरकवून काकांसारखं बघायचा प्रयत्न केला. अ‍ॅप फसलं नाही. आठ सत्तावन्नला सगळं बंद झालं. दिवस भरायला तीन मिनिटं कमी पडली.

शिरा आम्ही खाल्ला नाही. झाकून ठेवला.

काका आले दुपारी साडेबाराला. वर निळा शर्ट, कमरेला एक हिरवा टॉवेल गुंडाळलेला, हातात पिशवी, पिशवीत काकड्या आणि शिराळी. चेहऱ्यावर मात्र मेव्हण्याला चार दिवस बिनबोभाट रजा दिल्यासारखं समाधान. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"भेटला?" काकींनी विचारलं.

"एक शीट बाकी होती," काका म्हणाले. "मी बसलो. भरली नि सुटली. आता सुटल्यावर उतरणार कसा? गेलो मासवणला."

"त्यानं वळखलं?"

"माणसाला नाय वळखलं. घड्याळाला वळखलं." काकांनी मनगट पुढे केलं. "मी बोललो, लखमा, माझं चुकलं. तो बोलला, सायेब, जरा सरकून बसा, मागं म्हातारी उभी हाय."

काका हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "मी इचारलं, राग होता का रे माझा? बोलला, दोन वर्षं होता. मग भाजी लावली, त्यातनं येळ नाय भेटला." पुढे त्याने काकांना घरी नेलं, भाकरी खायला घातली. त्याच्या बायकोने पाहुण्याचे चट्टेपट्टे बघितले आणि काही न बोलता टॉवेल आणून दिला. "दहा वर्षं तो इथं बाजारात बसतो, आपल्या घरापासनं दहा मिनिटांवर. नि मी त्याला मोबाइलवर जगभर शोधत होतो."

मग मला सांगावंच लागलं. अकरा मिनिटं, खुर्ची, चष्मा, लाल चौकोन.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हंजे माझं कार्ड तू पंच केलं."

मी त्यांचा चष्मा त्यांच्या हातात दिला.

"नि किती कमी पडली?"

"तीन मिनिटं."

"तीन?" काका म्हणाले आणि एकदम मोठ्याने हसायला लागले. इतके की टॉवेल सुटायला आला आणि काकी ओरडल्या. मग त्यांनी मस्टर घेतलं आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं, तामोरे, आठ एकोणपन्नासला गेला. अर्धा दिवस कापला. माझ्या नावापुढे ताकीद लिहिली आणि माझी सही घेतली.

एवढ्यात त्या मॅडमचा फोन आला. आवाजात खरंच हळहळ होती. अंकल, सिर्फ़ तीन मिनट, मैं ऊपर बात करके देखूँ क्या, असं त्या विचारत होत्या. महिन्याची रक्कम वाचण्याची ती शेवटची वाट होती. मी काकांना हाताने खुणा केल्या. काका म्हणाले, "नहीं मॅडम. घड्याळाला मेव्हणा नसतो." त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी आग्रह केला नाही. मग आम्ही तिघांनी थंड शिरा खाल्ला. तो बरा लागला.

दुसऱ्या दिवशी नवा महिना, पहिला दिवस. सात वाजून दोन मिनिटांनी मी हजर झालो. बघतो तर मस्टरवर नवा रकाना आखलेला. काका म्हणाले, "टोकन नंबर तीन. लेट. कारण?"

एकतीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणालाही विचारला नसेल. माझी तयारी नव्हती. मी लिहिलं, "झोप." काकांनी रकान्यात "झोप" लिहिलं, गुलाबही वसूल केला आणि पुढे गेले. लोक कारणं सांगायला लागले. पाणी आलं नव्हतं. बाळ रडत होतं. जहाजावरच्याने लिहिलं, आमच्याकडे रात्री घड्याळं एक तास मागे केली. त्याला काकांनी माफी दिली.

त्रेसष्ट झाले. काकांनी पान उलटलं, घसा साफ केला. "टोकन नंबर चारशे अठरा?"

या वेळी लखमा बाजारात भाजी लावून बसलेला असणार. त्याचा फोन बटनांचा, त्यावर हे अ‍ॅप चालत नाही. उत्तर येणार नव्हतं आणि काका थांबलेही नाहीत. त्यांनी स्वतःच "हजर" म्हटलं आणि तसं लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

मला राहवलं नाही. मी लिहिलं, "काका, चारशे अठरा किती लेट?"

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे, म्हणजे आम्हा सगळ्यांकडेच बघितलं.

"लेट कुठला? जीप भरली, तसा आला," तामोरेकाका म्हणाले. "वेळेवर."